नसलेला लेख

ग्रंथालयाच्या काउंटरवर ती पहिल्यांदा आली ती थेट भांडायलाच. "तुमच्या यादीत हा लेख नाही. म्हणजे यादी अर्धवट आहे तुमची."

ग्रंथपालानं मान वर केली. तिच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि तीच पेन्सिल ती बॅगेत शोधत होती.

"डोक्यात आहे," तो म्हणाला.

"लेख?"

"पेन्सिल."

ती हसली, आणि बिचाऱ्याची तिथंच विकेट पडली.

ती सुईणींच्या कामावर प्रबंध लिहीत होती. संदर्भ शोधायला तिनं एआय हाताशी धरला होता आणि त्यानंच हा लेख सुचवला होता. लेखिका, मासिक, साल, पानं, सगळं जिथल्या तिथं. ती गेल्यावर ग्रंथपालानं मासिकांची जुनी सूची काढून पाहिली. लेखावरचं साल उजाडायच्या आधीच ते मासिक बंद पडलं होतं. असा लेख कुणी लिहिलाच नव्हता, एआयनं तो मनानं रचला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा एवढंच तर सांगायचं होतं. पण सांगितलं की ती 'बरं' म्हणणार आणि मग इकडे कशाला फिरकणार?

"शोधतोय," तो म्हणाला. "जरा... वेळ लागेल. घाई आहे?"

"लेखाची आहे," ती पेन्सिलीशी चाळा करत म्हणाली. "इथून जायची... तितकीशी नाही."

मग काय, लेख सापडेना आणि भेटी संपेनात. आधी खिडकीजवळच्या टेबलावर, मग कँटीनमध्ये, एका कपातली कॉफी दोघांत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. त्यानं तिला सुईणींवरची खरी पुस्तकं धुंडाळून दिली. तिनं त्याचं नाव 'शोधमास्तर' ठेवलं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगून टाकायचं. ती समोर बसली की भलतंच काहीतरी बोलून जायचा.

घरी ताईपाशी तेवढं त्यानं मन मोकळं केलं. ताई म्हणाली, "वेड्या, तिचं काम आहे ते. आज सांग."

"उद्या नक्की."

"तुझा उद्या कधी उजाडला आहे?"

तो उजाडायच्या आत तिला प्रबंधाच्या समितीसमोर बसावं लागलं. संध्याकाळी ती काउंटरवर आली तेव्हा केस मोकळे होते आणि आवाज अगदी शांत.

"त्यांनी मूळ लेख मागितला. मी म्हटलं, येतोय. आमचे ग्रंथपाल शोधताहेत, आणि ते शोधताहेत म्हणजे तो असणारच." ती थांबली. "अख्खं प्रकरण त्यावर उभं केलं होतं मी. त्यांनी माझ्यासमोर पडताळून पाहिलं. माझी शिष्यवृत्ती बंद केली त्यांनी. खोटा संदर्भ दिला म्हणून."

त्यानं हातातली सूची खाली ठेवली.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

'आत्ताच' म्हणता आलं असतं. पण आता तेही तोंडातून निघेना.

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

"तू परत यावीस म्हणून... मला तू आवडतेस. पेन्सिल शोधत होतीस ना, तेव्हापासून."

हे ऐकायची तिनं किती वाट पाहिली होती, ते तिच्या डोळ्यांत त्याला दिसलं. दिसलं आणि विझलंही.

"एआयला ठाऊक नव्हतं म्हणून त्यानं रचलं," ती म्हणाली. "तुला तर ठाऊक होतं. अरे, नुसतं 'ये' म्हणाला असतास... तरी आले असते मी."

तिनं बॅगेतून त्यानं दिलेली पुस्तकं काढली, एकेक करून काउंटरवर ठेवली.

"एवढी जमा करून घ्या," ती म्हणाली.

तिनं दुसऱ्या विद्यापीठात पहिल्यापासून सुरुवात केली, असं नंतर त्याच्या कानावर आलं.

हल्ली एआयनं सुचवलेले असले लेख मागायला बरीच मुलं काउंटरवर येतात. तो सूची पाहतो आणि लगेच सांगतो, "असा लेख नाही." मुलं 'बरं' म्हणतात आणि निघून जातात.