सपाट जमिनीतला खड्डा

तन्मयीचे आजोबा, त्र्यंबक नेर्लेकर, सपाट जमिनीवर अडखळायला लागले होते. तेही एकाच ठिकाणी, न्हाणीघराच्या दारात. तिथे आले की ते थबकत, भिंत चाचपत आणि डबकं ओलांडावं तसं लांब पाऊल टाकत. वास्तविक तिथे ना डबकं होतं, ना पायरी.

उलट, पडण्याची भीती राहू नये म्हणून नुकतंच ते घर नीट करून घेतलं होतं. त्यासाठी सहाय नावाचा गृहरोबो (घराची पाहणी करून त्यात बदल करणारा यंत्रमानव) साताऱ्याला आजोबांकडे राहायला आला होता. त्याने न्हाणीघराचा उंबरा काढला, पाय घसरणार नाही अशा पांढऱ्या फरशा बसवल्या, भिंतीला धरायला पांढरे दांडे लावले. उंबऱ्याच्या जागी शोभेसाठी एक काळी पट्टी बसवली. सगळं अगदी नेटकं झालं होतं.

आणि त्याच दारात आजोबांचा तोल गेला. तन्मयी आणि तिचे बाबा पुण्याहून भेटायला आले होते, आणि बाबा नेमके मागेच होते म्हणून निभावलं. पण बाबांनी सांगून टाकलं, की आता हे घर बंद करायचं आणि आजोबांना पुण्याला न्यायचं.

आजोबांनी वाद घातला नाही. परग्रहांवर फिरणाऱ्या गाड्यांचे डोळे, म्हणजे कॅमेरे, बनवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. मागच्या खोलीत त्यांची भिंगं आणि रंगीत काचा अजून मांडलेल्या होत्या. ते तिथे गेले आणि एकेक भिंग पुसून कागदात गुंडाळायला लागले. ते बघून तन्मयीला गलबलून आलं.

तिने सहायला गाठलं. त्याने दारातली जमीन पुन्हा मोजली आणि ती पूर्ण सपाट असल्याचं शांतपणे सांगितलं. आजोबांनाही ते ठाऊक होतंच. पाऊल टाकायची वेळ आली की पाय ऐकत नाही, एवढंच ते म्हणाले.

तन्मयी दाराकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "आजोबा, तिथे काय आहे ते राहू दे. तुम्हाला तिथे दिसतं काय?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. आजोबा दाराशी येऊन उभे राहिले.

"खड्डा," ते सावकाश म्हणाले. "मला आधी माहीत नसतं ना, तर मी खड्डाच म्हणालो असतो."

मग त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. भिंतीवरचा दांडा त्यांना दिसतच नव्हता. म्हणून तर ते भिंत चाचपत होते.

आजोबांचा चेहराच बदलला. त्यांनी मागच्या खोलीतून गुंडाळलेली एक पिवळसर काच आणून सोडवली, तिच्यावर दुधी कागद लावला, न्हाणीघरातला दिवा मंद केला आणि तन्मयीला त्यातून बघायला सांगितलं. पांढऱ्या भिंतीत पांढरा दांडा विरघळून गेला होता. आणि दारात एक काळीभोर भेग पडली होती. तन्मयीने नकळत पाऊल मागे घेतलं.

आजोबांनी तिला समजावून सांगितलं, की वय वाढतं तसं नेत्रभिंग (डोळ्यातलं पारदर्शक भिंग) पिवळट आणि धूसर होत जातं. बाहुलीही (डोळ्यात उजेड शिरायची जागा) पूर्वीसारखी मोठी उघडत नाही. उजेड कमी शिरतो आणि छटाभेद (शेजारच्या दोन गोष्टींच्या फिकट-गडदपणातला फरक) ओळखणं कठीण जातं. फरक थोडा असेल तर वस्तू हरवते. फरक खूप असेल तर मेंदू अंदाज बांधतो. खड्ड्यात काळोख असतो, म्हणून काळं दिसलं की तिथे खोल आहे असं त्याला वाटतं.

"आमची गाडीसुद्धा दगडाच्या सावलीपुढे अडून बसायची," आजोबा म्हणाले. "आम्ही तिला शिकवलं. पण माझे डोळेही म्हातारे झालेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

तन्मयीने पट्टीवर फरशीच्याच रंगाचा कागद घट्ट चिकटवला. सहाय हात पुढे करून शेजारी उभा राहिला. आजोबा आले आणि न थबकता सरळ आत गेले.

मग कामाला दिशा मिळाली. जिथे खरंच काही आहे तिथे रंगाचा फरक ठळक करायचा, जिथे काही नाही तिथे मुळीच करायचा नाही. सहायने काळी पट्टी काढली, दांडे गडद निळे केले, अंगणातल्या पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगवल्या. संध्याकाळी बाबांनी ती काच डोळ्यांपुढे धरली आणि बराच वेळ खाली केली नाही. शेवटी त्यांनी पुण्याचा बेत मागे घेतला.

सहायने हे सगळं इतर गृहरोबोंना कळवलं. त्यांनी कुठल्याही घरात आधी तिथल्या माणसाच्या नजरेने बघायचं होतं आणि मगच जमीन मोजायची होती.

तन्मयीचं मात्र समाधान झालं नव्हतं. डोळ्यांचं असं होतं, तर कानांचंही होत असेल का, असं तिने विचारलं.

"होतं ना. आधी बारीक, चिरके आवाज जातात," आजोबा म्हणाले.

"मग सहाय बोलण्याआधी टिंग करतो, ते?"

आजोबा चकित होऊन सहायकडे बघायला लागले. "हा टिंग करतो?"

सहाय आजोबांच्या जवळ आला. मग त्याने अगदी खालच्या पट्टीतला एक सूर लावला आणि विचारलं, "हा ऐकू येतो का?"

आजोबांनी हात वर केला. सहायने सूर थोडा चढवला, आणि तन्मयी आजोबांच्या हाताकडे टक लावून बघत राहिली.