विरजणाचं पाणी

शहात्तर साली दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून हौसराव राहायचा. आम्ही दोघंही वॅगन दुरुस्तीत फिटर. त्यानं घरीच एक टीपॉय बनवला होता. लोखंडी अँगलचा सांगाडा, चारी बाजूंनी पुटीनं बसवलेल्या काचा, आत पाणी आणि वरच्या काचेवर चहाचे कप. पाहुणा चहा प्यायचा आणि खाली लाल मासे फिरायचे. सगळी कॉलनी बघून गेली. माझी बायको सिंधू तर रोज दुपारी काही ना काही मागायला तिथं जायची. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

मग मीही बनवला. त्याच्यापेक्षा मोठा, जाड काचेचा. मासे पुण्याहून आणले. हौसराव बघायला आला.

"काम झकास झालंय, भिमाजी. पन नव्या पान्यात मासं तग धरत न्हाईत. माझ्यातलं तांब्याभर पानी टाक. विरजण समज."

"माझं मी बघीन," मी म्हणालो.

मासे जगले. मी मिशीला पीळ दिला, तशी सिंधू हसली.

"मीच आनलं तांब्याभर पानी. दह्याला शेजारचं विरजण आनतोच की. त्यात काय एवढं?"

त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढं मासे कमी दिसायला लागले. कुणी काढावेत तर वरची काच उचलायला दोन माणसं लागत, उडी मारून बाहेर पडावेत तर फरशी कोरडी असे. उरलेले मासे हौसरावच्या भिंतीकडं तोंड करून थांबत. मी टीपॉय फिरवला. तेही फिरून पुन्हा त्याच भिंतीकडं.

हौसरावकडचे मासे मात्र वाढत होते. त्यातला एक माझा, तुटक्या शेपटीचा, मी ओळखला.

शेवटचा मासाही नाहीसा झाला त्या दुपारी सिंधू घरात नव्हती. मी तडक हौसरावकडं गेलो.

"वहिनी? आठवडा झाला, फिरकल्या न्हाईत इकडं," तो म्हणाला. "बस, चहा टाकतो."

समोरची खुर्ची खरंच रिकामी होती. मी टीपॉयवर वाकलो.

काचेत त्या खुर्चीवर सिंधू बसली होती. हसत होती. भीतीच्या आधी मला रागच आला.

मी घरी पळालो. सिंधू टीपॉयपाशी चहा ओतत होती.

"नळावर गेले व्हते. तुम्ही कुठं गेलता?"

तिनं कप पुढं केला. मी खाली बघितलं.

काचेत मी होतो. आणि कप एकटाच माझ्याकडं येत होता.