पळसाच्या पानांचा पुंजाजी

गेल्या वैशाखात माझ्याकडे एक साधं काम होतं. पुंजाजीला घरी पोचवायचं. सकाळच्या एस.टी.नं अमरावतीहून दर्यापूर, तिथून बैलगाडीनं तीन कोस, आणि संध्याकाळच्या गाडीनं मी परत. कलकत्त्याला डॉक्टर होऊन मी साठ साली वऱ्हाडात परत आलो, तो शहराबाहेरच्या या कुष्ठरुग्णालयातच काम करायचं असं ठरवून. इथून बरा होऊन घरी जाणारा पुंजाजी हा माझा पहिला रोगी.

बरा म्हणजे खरोखर बरा. सहा वेळा कातडी तपासली, सहाही वेळा जंतू सापडले नाहीत. पण नऊ वर्षांत रोगानं जे नेलं ते गोळ्यांनी परत येत नाही. नाक बसलेलं, भुवया गेलेल्या, बोटं आत वळून बधिर झालेली. चुलीतला निखारा हाताला लागला तर त्याला चटका कळायचा नाही, जळल्याचा वास आल्यावर कळायचं.

माझ्या खिशात दाखला होता. या माणसापासून कोणालाही धोका नाही, असं मी घरच्यांना वाचता यावं म्हणून मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. माझं गाव बार्शीटाकळीजवळचं. आमच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याआधी दाराबाहेर थांबवलं जाणं म्हणजे काय ते मी लहानपणी भरपूर पाहिलं होतं. ते दिवस संपत आले आहेत, लोकांना नीट समजावून सांगितलं की दारं उघडतात, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

बैलगाडीत पुंजाजी दुपट्ट्यानं तोंड झाकून बसला. रोग दिसू लागल्यावर तो दोन वर्षं घरच्याच गोठ्यात राहिला होता. गोठ्याच्या कुडाला भोक होतं, त्यातून तो घरच्यांना जेवताना पाहायचा.

"सुभद्रा भाकर ठेवून जाये," तो म्हणाला, "पण तोंड दुसरीकडं करून. मग मी बी दुसरीकडं पाहो. तिले बरं वाटे."

सुभद्रा त्याची बायको. मुलगा देवराव तेव्हा चौदा वर्षांचा होता.

गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. एक माणूस रस्त्यावर नाही, कुत्रं नाही. काळ्या जमिनीला हात हात रुंद भेगा पडलेल्या, आणि गरम वारा दारांच्या कड्या हलवत फिरत होता. घरासमोर रस्त्यापलीकडे कडुनिंब होता. पुंजाजीला त्याच्या सावलीत बसवून मी एकटाच पुढे गेलो. ओसरीवर पाऊल ठेवताना पालापाचोळा जाळल्याचा वास आला. पण अंगणात कुठेच धूर नव्हता.

देवरावानं माझ्यासाठी बाज टाकली. आडनाव विचारलं नाही, तेही मला चांगलं लक्षण वाटलं. दाखला त्यानं ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला, पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिला.

मग तो सांगू लागला. आवाज अगदी शांत. त्याचं लग्न तीन वेळा जुळून मोडलं होतं, महारोग्याचा पोरगा म्हणून. शेवटी भावकीनं सांगितलं, गेलेला माणूस परत यायचा नाही, त्याचं क्रियाकर्म उरकून टाका. परागंदा झालेल्याचं करतात तसं. पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, पुंजाजीचं जुनं धोतर नेसवलं आणि नदीकाठी जाळला. तीन वर्षं झाली त्याला.

"म्हणजे जिवंत माणसाला जाळलंत तुम्ही," मी म्हणालो.

"जाळलं," देवराव म्हणाला. "तेरवीच्या दिवशी तो घरी आला."

"कोण?"

"बाप."

सुभद्राबाई पाण्याचा पेला घेऊन दारात आल्या. ज्या बाईच्या नवऱ्याची तेरवी झाली होती तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

आतून कोणीतरी खोकलं. आधी दोनदा बारीक, मग एकदा खोलवर. सात वर्षांत आमच्या वॉर्डातल्या प्रत्येकाला पाठ झालेला तो खोकला होता. मी रस्त्यापलीकडे पाहिलं. पुंजाजी निंबाखाली गप्प बसला होता.

जमिनीसाठी कोणीतरी तोतया आणून बसवला आहे, हे मला तेव्हाच पटलं. मला संताप आला. मी देवरावाची वाट न पाहता आत गेलो.

मधल्या खोलीत उजेड कमी होता. खाटेवर एक माणूस बसला होता. सरळ नाक, दाट भुवया, पिळदार मिशा. मांडीवर ठेवलेली दहाही बोटं लांब आणि धड. देखणा म्हणावा असा. त्या खोलीत पाल्याच्या धुराचा वास इतका होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"या डॉक्टर," तो म्हणाला.

आवाजही तोच.

मी त्याचा हात धरला. कोरडा होता, आणि इतका हलका की उचलल्यासारखं वाटलंच नाही. काय करावं ते सुचेना, तेव्हा मी रोज जे करतो तेच केलं. पिशवीतून टाचणी काढली आणि त्याच्या तर्जनीच्या टोकाला टोचली, जरा रागानंच. तो माझ्याकडे पाहत राहिला. पापणीसुद्धा हलली नाही.

बाहेर रस्त्यापलीकडे पुंजाजी ओरडला.

मी धावत गेलो. तो उभा होता, दुपट्टा गळून पडलेला. उजव्या हाताचं वळलेलं बोट डाव्या हातात धरून तो हसत होता, आणि त्याच्या बसक्या नाकावरून आसवं वाहत होती.

"सायेब... मले लागलं. बोटाले लागलं पाहा. मी बरा झालो..."

देवराव माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. बापाच्या चेहऱ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि नजर जमिनीवर नेली.

"सायेब, तुमी लय शिकले," तो म्हणाला. "पन आमच्या घरी एक बाप हाय. दुसरा कुठी ठेवू?"

सुभद्राबाई उंबऱ्यातच थांबल्या होत्या. पिशवी घ्यायला मी ओसरीवर गेलो तेव्हा त्या माझ्याकडे न पाहता पुटपुटल्या, "ते बाहीरचे बी माहेच हायेत, बापू. पन याले आमीच बलावलं... आता जाय कसं म्हनू?"

पुंजाजी हळूहळू रस्ता ओलांडून आला होता. उघड्या दारातून त्यानं आत पाहिलं, बराच वेळ. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आधी असाच दिसो मी," तो म्हणाला. "चाला सायेब. गाडी चुकन."

पावसाळ्यानंतर त्यानं अंथरूण धरलं. छाती भरली, औषधं लागू पडेनात. जाण्याआधी घरचं कोणी एकदा भेटावं, एवढंच तो मागत होता. मी देवरावाला कार्ड टाकलं. शनिवारी देवरावाचं उत्तर आलं, त्यात एवढंच: पत्र वडिलांस वाचून दाखविले. ते स्वतःच येतो म्हणतात. मंगळवारच्या गाडीने पाठवीत आहे, उतरवून घ्यावे.

मी कार्ड फाडलं. पुंजाजीला एवढंच सांगितलं की घरून कोणी येतंय. कोण ते त्यानं विचारलं नाही. काल त्यानं दाढी करून घेतली.

आज मंगळवार. दर्यापूरची गाडी मघाशीच आली असणार. खिडकीतून मला जयवंता दिसते आहे, आमची सेविका. ती स्वतः याच रोगातून उठली आहे. चिघळलेले पाय ती नुसत्या हातांनी धुते, किळस तिला ठाऊक नाही. फाटकाच्या खांबाआड कोणीतरी पाणी मागतं आहे. धोतराचा सोगा तेवढा दिसतो.

तिनं तांब्या त्याच्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला, आणि तोंडाला पदर लावून मागं मागं सरकते आहे.