रिओच्या पानाची साल

परळच्या कॉलेजात दुपारचं प्रॅक्टिकल आटोपलं होतं. जीवशास्त्र शिकवणारी वैशाली प्रयोगशाळेत एकटीच स्लाइड पुसत होती, तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ अजित कुंडी घेऊन आला. कुंडीत आईने लावलेलं रिओचं रोप होतं; पानं वरून हिरवी, खालून जांभळी.

"ताई, टॉवरमधल्या नव्या घरात कुठे ठेवू हे? तुझ्या पोरांना प्रयोगाला होईल."

करी रोडची त्यांची चाळ आता पाडत होते. आई त्याच चाळीत गेली, गणपतीत. अजित बायकोमुलांना घेऊन गावी गेला होता, आई घरात एकटी. "झोपेतच गेली," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. पण आंघोळ घालताना वैशालीने आईच्या बोटांची पेरं पाहिली होती. सोलवटलेली. तेव्हापासून बहीणभावात कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

तिने कुंडी पुढ्यात ओढली. हाताला सवय म्हणून तिने पान मोडलं, पातळ साल सोलली, स्पिरिटमधे बुडवून मारली, सॅफ्रानीनच्या लाल थेंबात रंगवली आणि मायक्रोस्कोपखाली लावली.

लालसर पेशी उमटल्या. प्रत्येकीत गडद ठिपक्यासारखं केंद्रक. एका पेशीतलं केंद्रक मात्र हलत होतं. भिंतीवर आपटायचं, मागे सरायचं, पुन्हा आपटायचं. शेजारच्या टॉवरच्या कामाचा हादरा असेल... पण तिथलं मशीन तर केव्हाचं बंद पडलं होतं. आजूबाजूच्या पेशींतली केंद्रकं पलीकडच्या भिंतींना चिकटून, गप्प.

"अजित, इकडे ये. बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"बघ म्हणते ना."

तो वाकला. बराच वेळ त्याने डोकं वर काढलं नाही. टेबलाची कड धरलेली बोटं पांढरी पडली.

"ताई... ही जिवंत आहे?"

"नाही. मारूनच रंगवलीय."

"मग ही... ठोठावतेय कशी?"

वैशालीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बाहेरून कडी लावून गेला होतास ना रे तू?"

"ती कुठेही निघून जायची गं! शेजारी होते की... मला वाटलं, कुणीतरी उघडेल..."

"उघडली का कुणी?"

अजित दाराकडे वळला. वैशालीने पुन्हा डोळा लावला. सगळं निश्चल होतं. ती पेशी मात्र रिकामी होती; भिंत कुठेच फाटलेली नव्हती.

तिने मान वर केली. अजित दारात उभा राहून उजवा डोळा चोळत होता. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागात मोहरीएवढा लाल डाग दिसत होता. रंग उडाला असेल, असं म्हणून ती ओला बोळा घेऊन जवळ गेली.

तो डाग हळूच पापणीच्या कडेपर्यंत सरकला. थांबला. मग मागे आला.