सात नंबरचा एकच जोड

महेंद्रची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा महेंद्र तिथे नव्हताच. त्याची फक्त गाठ होती.

म्हणजे झालं असं... भिंगारला आमच्या सुनीती मॅडमच्या व्हरांड्यात, स्कूटीच्या मागे एका फळीवर ते शूज ठेवलेले असायचे. भडक केशरी, आणि सोल तर पावाच्या लादीसारखा जाड. मॅडम आम्हाला शाळेत पी.टी. शिकवतात, आणि ज्यांना डोंगरात पळायचंय त्यांना शाळेबाहेर पळायला शिकवतात. हे शूज त्यांनी स्वतःसाठी ऑनलाइन मागवले होते. आले सात नंबरचे, आणि मॅडमचा पाय पाचचा. परत पाठवू, परत पाठवू म्हणता म्हणता मुदत उलटून गेली. मग त्यांनी एकेका पोरापोरीचा पाय त्यात घालून पाहिला. नीट बसले फक्त दोघांना. एक मी, कारण माझे पाय हा आमच्या घरातला कायमचा चेष्टेचा विषय आहे. आणि दुसरा संध्याकाळच्या बॅचमधला कुणी महेंद्र.

सकाळी भार्गवी, संध्याकाळी महेंद्र, भांडायचं नाही, असा मॅडमनी निकाल लावून टाकला.

भांडणार कशी? मी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. माझे वर्ग दुपारचे. अकरावीत गेले तरी शाळेचंच ज्युनिअर कॉलेज, त्यामुळे दोन वेण्या आणि लाल रिबिनी काही सुटल्या नाहीत. तो नगरच्या कॉलेजात, सकाळचा. मी शूज फळीवर ठेवून गेले की तासन् तास जायचे, मग तो यायचा.

तर, पहिल्याच सकाळी मी शूज काढले आणि लेस सोडवता सोडवता वैतागले. लेस पार घोट्यापाशी असलेल्या त्या शेवटच्या भोकातून ओवून, दोन्ही बाजूंना छोटे फासे करून, त्यातून उलटसुलट फिरवलेली. ते शेवटचं भोक कुणी वापरतं का? मला तर वाटायचं, कारखान्यात ते चुकून जास्तीचं पडतं. मी सगळी गुंतागुंत उसकटली, माझी साधी गाठ मारली आणि चांदबिबी महालाच्या डोंगराकडे पळत सुटले.

आणि चढ लागला. आधीच्या कॅनव्हासच्या बुटांमुळे त्या वाटेवरचा खडान् खडा माझ्या ओळखीचा होता. आज एकानेही ओळख दाखवली नाही. जणू कुणीतरी माझ्या पुढे पुढे पळत पायाखाली गादी अंथरतंय... धप, धप, धप. सगळ्या डोंगरावर तेवढाच आवाज, माझा एकटीचा.

दुसऱ्या दिवशी परत तीच गाठ. मी सोडली. तिसऱ्या दिवशी परत. मी सूड म्हणून जाताना तिहेरी गाठ मारून ठेवली. पुढच्या सकाळी लेसवर ती नखांनी उकलल्याच्या खुणा होत्या, आणि तिच्या जागी त्याची ती नक्षी, आधीपेक्षा सुबक. आमचं भांडण असं चालू होतं. एकही शब्द न बोलता.

मग पावसाळा आला आणि शूजमध्ये पेपरचे बोळे सापडायला लागले. पहिल्या दिवशी मी ते कचरा समजून अंगणात भिरकावले आणि मॅडमची बोलणी खाल्ली. मग कळलं. संध्याकाळी तो चिखलातून पळून यायचा, शूज धुवायचा आणि सकाळी मला कोरडे मिळावेत म्हणून रोज पेपर कोंबून जायचा. मी निमूटपणे बोळे गोळा केले. माझं पळून झाल्यावर मीही त्याच्यासाठी कोंबले. आणि त्याच सकाळी प्रथम लक्षात आलं, की आतल्या तळव्यावर त्याच्या बोटांचे पाच खळगे पडलेत... आणि माझी बोटं मला न विचारता त्यात जाऊन बसतायत.

आता खरी भेट. गणपतीची सुट्टी होती. बारीक भुरभुर पडत होती, मॅडमच्या कुंपणावरची कृष्णकमळाची वेल नुसती थेंबांनी लगडली होती, आणि फळी रिकामी होती. मी स्लिपर घालून पायरीवर फुरफुरत बसले. इतक्यात गल्लीच्या टोकाला केशरी काहीतरी दिसलं. त्या केशरीच्या वर एक उंच, सावळा, गुडघ्यापर्यंत चिखल झालेला मुलगा होता.

"तू भार्गवी," तो म्हणाला.

"आणि तू गाठ."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसतात आणि तोंड मागून येतं. काष्टी गावचा होता तो, कॉलेजसाठी भिंगारला मामाकडे राहायचा. आज कॉलेज नाही म्हणून सकाळीच पळून आलो, तुला थांबावं लागलं, चुकलंच माझं, असं तो शूजकडे बघून म्हणाला. मग खाली वाकून लेस सोडता सोडता त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. उजव्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश होतं. फक्त अंगठ्याला.

"एकाच नखाला रंग?"

"फॅशन आहे."

"काळं पडलंय, व्हय ना?"

मी पाय स्लिपरसकट मागे ओढले, पण ट्रॅकपँट होती, लपवायला जागाच नव्हती. मी हो म्हटलं.

"उतारावर पाय पुढं सरकतो अन् नख बुटावर आपटतं. टाच धरून ठेवली की सरकत न्हाई. म्हणून ते शेवटचं भोक."

"मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगत हुतो," तो म्हणाला. "तू रोज सोडत हुतीस."

त्याने मला शूज घालायला लावले, टाच मागे दाबून बसव म्हणाला आणि समोर अंगठाभर जागा उरतेय का ते वरून बोटाने चाचपलं. मग फासे, मग त्यातून लेस, मग हळूच ओढ. त्याच्या केसातून एक गार थेंब माझ्या घोट्यावर पडला. मी कृष्णकमळाकडे बघत बसले. इतकं की त्या वेलीचं मला आजही चित्र काढता येईल.

त्या दिवशी मी उतारावरून आले ती जवळजवळ उडत. नख नाही दुखलं, टाच नाही हलली. पाय पुढे पळतायत आणि मी त्यांच्या मागे, असं वाटत होतं.

त्यानंतर मी ती गाठ कधीच सोडली नाही. आणि गंमत म्हणजे तो ती माझ्या पायाप्रमाणे बदलायला लागला. माझा पाय पुढे पसरट आहे, तर सकाळी लेस पुढे सैल असायची आणि टाचेपाशी घट्ट, अगदी मला हवी तशी. मीही जाताना त्याच्यासाठी पुढची लेस आवळून ठेवायची, त्याचा पाय चिंचोळा म्हणून. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघंही मॅडमच्या पायरीवर असायचो. पण जोड एकच ना... एकाने पळायचं, दुसऱ्याने बसायचं. तो परत आला की मी जायची, मी परत आले की त्याची निघायची वेळ झालेली असायची.

"मॅडम म्हणत्यात तू उताराला लई भारी पळतीस," तो एकदा म्हणाला. "मला कवा दिसणार?"

"तू शूज सोडलेस की."

"शूज सोडले तर बरोबर कसा येणार?"

रात्रभर ते 'बरोबर' माझ्या डोक्यात धप धप करत होतं.

जानेवारीत डोंगर-शर्यत जाहीर झाली. वर महालापर्यंत चढायचं आणि परत खाली. मुलींत पहिली येईल तिला आणि मुलांत पहिला येईल त्याला, नगरच्या एका दुकानाकडून आपल्या मापाचे असेच जाड गादीचे शूज. मुली आधी पळणार, आणि पहिल्या दहा जणी खाली आल्या की लगेच मुलांची शिट्टी.

इकडे आमचे शूज दमले होते. खालचे दात बाहेरच्या बाजूने झिजले होते (तो तसाच पाय टाकतो, मला त्याच्या झिजेवरून माहीत होतं), गादी दबली होती आणि डाव्या बुटाचं नाक दोनदा डिंकाने चिकटवलं होतं. मॅडमनी तळवा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, शर्यतीपुरते निघतील, पुढचं मी सांगत नाही.

महेंद्र लगेच म्हणाला की तू घाल, मी कॅनव्हासवर पळेन. मला राग आला. त्या दगडांत कॅनव्हासवर कुणी जिंकत नसतं.

"मी दहाच्या आत खाली येते आणि शूज तुला देते," मी म्हटलं.

"माझ्यासाठी पळणार व्हय?"

"शूजसाठी."

"मग शूजला सांग, वाट बघतो म्हणावं."

शर्यतीच्या सकाळी गार वारा होता, आणि मॅडमच्या हुकमाने आम्ही शाळेच्या मुली दोन वेण्या, लाल रिबिनी अशा थाटात. चढ मी मजेत संपवला. महालाला वळसा घातला तेव्हा पुढे फक्त आमच्या सकाळच्या बॅचमधली निकिता होती. खालून लाउडस्पीकरवर माझं नाव ऐकू आलं, दुसऱ्या नंबरावर. उतार तर माझाच. निकिताची पाठ जवळ यायला लागली... आणि डाव्या पायाखाली फटक असा आवाज झाला.

बुटाने आ वासला होता. सोल पुढून सुटून जिभेसारखा लोंबत होता.

तशीच पळाले असते तर? खरं सांगते, निकिताला गाठलं असतं. अजून थोडाच उतार होता, तेवढं त्या सोलने लोंबत लोंबत काढलं असतं. पण प्रत्येक उडीला तो आणखी फाटत होता. खाली पोचेपर्यंत माझ्या हातात बक्षीस आलं असतं आणि महेंद्रच्या हातात एक चिंधी.

मी दगडावर बसले. एका वेणीची रिबीन ओढून काढली, बुटाच्या नाकाभोवती गच्च गुंडाळली, लेसमध्ये अडकवून बांधली. त्याच्याच पद्धतीची गाठ, दुसरी मला आता येतच नाही. एक एक करून मुली बाजूने गेल्या. मी मोजल्या नाहीत. उठले आणि अर्धे केस सोडून जी सुटले...

खाली नववी आले. मुलं रेषेवर उभी होती. महेंद्र अनवाणी, कडेला. मी धपकन बसून शूज ओढले आणि त्याच्याकडे ढकलले. त्याने रिबीन पाहिली, मग माझे सुटलेले केस पाहिले.

"वर दुसरी हुतीस," तो म्हणाला.

"हो."

"मग का थांबलीस?"

"तुझी शर्यत राहिली असती."

तो काहीतरी बोलणार होता... पण दहावी मुलगी आली. पायात लाल रिबीन बघून मागच्या पोरांनी वेणी घाल, टिकली लाव असं सुरू केलं. त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. टाच मागे दाबली, फासे आवळले, आणि शिट्टी झाली.

मी त्याला पळताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खालून, सगळ्यांबरोबर. डोंगरावर एक लाल ठिपका वर वर जाताना. परत येताना तो ठिपका सगळ्यांच्या पुढे होता.

माप विचारलं तेव्हा तो माईकसमोरच सात म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. आधी डोळे.

पुढच्या रविवारी मी मॅडमच्या व्हरांड्यात गेले तर फळीवर दोन जोड. एक करकरीत निळा. दुसरा आमचा केशरी, भिंगारच्या बाजारात नाक शिवून घेतलेला. निळ्याची लेस पुढे सैल, टाचेपाशी घट्ट. माझ्यासाठी. आणि पायरीवर महेंद्र.

मी निळे घातले, चार पावलं टाकली आणि काढले. चावत होते. मऊ होते, पण आत कुणी राहतच नसल्यासारखे. मला जुनेच हवेत, मी सांगितलं.

"मलाबी जुनंच पायजेत," तो म्हणाला.

मग आमचं पहिलं तोंडी भांडण झालं. तू जिंकलास, नवे तुझे. तुझ्या रिबिनीवर जिंकलो, नवे तुझे. शेवटी ठरलं, दिवसाआड. आज नवे त्याला चावतील, उद्या मला.

"आणि माझी रिबीन?" मी विचारलं.

"धुऊन ठिवलीय."

"मग दे."

"न्हाई," तो म्हणाला. एरवी प्रत्येक गोष्टीत मागेपुढे पाहणारा मुलगा, पण हे अगदी सरळ. मग खाली वाकून लेसशी खेळत हळूच म्हणाला, "भार्गवी... आता दोन जोड झालं. शूज द्यायघ्यायला भेटायचं कारण न्हाई राहिलं."

"हो ना."

"मग मी दुसरं काय कारण..."

"महेंद्र," मी म्हटलं, "तू नुसतं चल म्हण."

त्याने वर पाहिलं. कान लाल झाले होते, अगदी रिबिनीसारखे.

"चल," तो म्हणाला.

आणि आम्ही निघालो. गल्ली, मग रस्ता, मग डोंगराची वाट. धप, धप... आणि शेजारी आणखी एक धप, धप. सुरुवातीला पावलं जुळेनात, मग जुळली, मग दोघांनाही हसू आलं आणि परत बिघडली. वर महालापाशी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा त्याचा हात माझ्या हातात कसा आला, ते मी सांगणार नाही.

उतारावर मात्र मी त्याला मागे टाकलं. तो मुद्दाम हरला असेल असं वाटतंय ना तुम्हाला? मुळीच नाही. त्यालाच विचारा. नवे शूज चावत होते, असं काहीतरी कारण सांगेल... पण माझ्याइतकं भारी उताराला कुणीच पळत नाही, हे तो आता स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलाय.