चुकीच्या रंगाचा उंट

कुटाईसीच्या बुद्धिबळ क्लबच्या दारात एतेरीनं छत्री झटकली, आणि सगळं पाणी मागच्या मुलाच्या तोंडावर उडालं.

"अय्या... सॉरी!"

"असू दे. नाहीतरी झोप उडवायचीच होती," तो म्हणाला.

तो शेजारच्या झेस्ताफोनी गावचा मालखाझ. चिठ्ठ्या निघाल्या, आणि नेमका तोच तिच्या समोर बसला. जिंकेल तो रविवारी संघातून बातुमीच्या स्पर्धेला जाणार. बरोबरी झाली, तर जागा तिसऱ्याच कुणालातरी.

दुपारपर्यंत एतेरीकडे राजाखेरीज एक उंट आणि कडेचं एक प्यादं उरलं होतं. मालखाझकडे फक्त राजा. तरी पठ्ठ्या हार मानेना! कोपऱ्यात शिरून दोन घरांत येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी पंचांनी बरोबरी जाहीर केली.

ती तरातरा त्याच्या मागे व्हरांड्यात गेली. "माझ्याकडे जास्त सोंगट्या, तरी मी जिंकले का नाही?"

"तुझा उंट पांढऱ्या घरांवरून चालतो. प्यादं वजीर होणार ते कोपऱ्यातलं घर काळं. तिथून मला हुसकावणार कोण? आणि फारच कोंडलंस, तर शह नसताना मला हलायलाच जागा उरत नाही. तरीही बरोबरीच."

"म्हणजे घोडा देऊन दुसरं प्यादं मारलंस ते... मुद्दाम?"

"हो. एवढाच मार्ग होता."

"पण तुझीही जागा गेली ना? मग हसतोस काय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "खरं सांगू? हरायचं नव्हतं. पण तू रविवारी बातुमीला जाणार नाहीस, इथेच असशील, हे कळल्यावर... बरं वाटलं. चूक आहे माझी."

एतेरीला रडू येत होतं. की हसू? संतापानं छाती धडधडत होती... की दुसऱ्याच कशानं? ती चार पावलं गेली. थांबली. परत आली.

"रविवारी आई चीज भरलेली गरम खाचापुरी भाजते. ये. पण हा कोण, असं तिनं विचारलं तर मी काय सांगू?"

"तुला जे वाटतं ते सांग."

"मला काय वाटतंय तेच कळत नाहीये रे!"

"मलाही नाही," मालखाझ म्हणाला. "तरी मी येतोच."

तिनं ओठ चावला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पटकन त्याचं बोट धरलं.