जे वाक्य धाकट्याचं नव्हतं

"तुझ्या गोष्टीतलं भूत पहिल्याच पानावर येतं आणि शेवटपर्यंत नुसतं दारं वाजवत बसतं," टाचणी म्हणाली. "त्याला हवंय तरी काय?"

भोवरा डोळे तपासायच्या खुर्चीवर गरगर फिरता फिरता थांबला. "घाबरवायचंय. दुसरं काय?"

"मला भीती नाही वाटली. कीव आली."

"मग ती भुताची चूक नाही," भोवरा म्हणाला, आणि धाकट्या बऱ्याच दिवसांनी किंचित हसला.

भोवऱ्याच्या बाबांच्या चष्म्याच्या दुकानामागची ही खोली सुट्टीत तिघांची बैठक झाली होती. शाळेच्या वार्षिक अंकासाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचं होतं. बाईंनी गट पाडून बजावलं होतं, "एकमेकांचं नीट ऐका. काय भिडलं ते सांगा, जिथे अडाल तिथे विचारा. नुसतं 'छान आहे' म्हणून सुटायचं नाही."

आता धाकट्याची पाळी होती. मागच्या उन्हाळ्यात त्याचा दादा गेला. घरात एकच मुलगा उरला, तरी सगळे त्याला धाकट्याच म्हणत.

त्याने खाली मान घालून वाचलं. "माझा दादा फार जपून वागायचा. रस्ता ओलांडताना माझी कॉलर धरायचा. सुट्टीत तो पहिल्यांदाच पोहण्याच्या मोठ्या तलावावर गेला. तिथे त्याने सूचनेकडे दुर्लक्ष करून उथळ पाण्यात सूर मारला व त्याचा मृत्यू झाला. आपण नेहमी मोठ्यांचं ऐकावं."

भोवऱ्याने नजर भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे वळवली.

"कॉलरचं वाक्य मला फार आवडलं," टाचणी हळूच म्हणाली. "पण पुढे मी अडले. विचारू?"

"विचार."

"'सूचनेकडे दुर्लक्ष करून' हे तुझं वाक्य आहे का? तू असं बोलत नाहीस. आणि कॉलर धरणारा दादा असं वागेल, हे मला पटतच नाही."

धाकट्याने कागदाची कड दुमडली. "तलावाचे मॅनेजरकाका तसं म्हणाले. भिंतीवर पाटी होती, मुलाने वाचली नाही म्हणे. मग बाबाही तेच म्हणायला लागले. आता बाबा त्याचं नावच काढत नाहीत."

"तुला स्वतःला काय माहितीये?" भोवऱ्याने विचारलं.

"काहीच नाही. मला ताप होता, मी घरी होतो. नंतर पिशवीतून त्याचे कपडे आले." तो थांबला. "सकाळी पांढरा शर्ट घालून गेला होता. परत आला तेव्हा बाहीला निळा रंग. आईने तो अजून धुतलेला नाही."

"निळा? कुठला?"

वर्षभरात धाकट्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं तो निळा शोधायला तलावावर गेले. उथळ बाजूची भिंत निळीभोर होती. तिच्यावर पाटी होती, 'पाणी उथळ. सूर मारू नये.' टाचणीने पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. पाटी स्वच्छ होती, रंगाचा एक थेंबही तिच्यावर नव्हता.

तिथून ते थेट बाईंच्या घरी गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचा अंदाज चुकलाही असेल," त्या म्हणाल्या, "पण विचारायला हरकत नाही. मी येते बरोबर."

धाकट्याच्या आईने कपाटातून शर्ट काढून दिला. कशाला हवाय ते तिने विचारलं नाही. "सांभाळून ने," एवढंच म्हणाली.

वार्षिक अंकासाठी मुलाखत हवी म्हटल्यावर मॅनेजर खूश झाले. पाणी कसं गाळतात, फरशी कशाने घासतात, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. भोवरा भराभर लिहून घेत होता.

"भिंतीला रंग कधी दिला, काका?" टाचणीने विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यात, सुट्टी लागली तेव्हा. त्यानंतर हात लावायची गरज नाही पडली."

"पाटीवर एकही थेंब उडाला नाही?"

"कसा उडेल? पाटी आधीच काढून ठेवली होती. रंग पुरता वाळल्याशिवाय मी भिंतीला काही लावू देत नाही."

धाकट्याने पिशवीतून शर्ट काढला आणि बाही भिंतीला लावली. दोन्हीकडचा निळा एकच होता.

"हा रंग माझ्या दादाला लागला तेव्हा तो ओला होता," तो म्हणाला. "मग पाटी कुठे होती?"

मॅनेजरांनी बाईंकडे पाहिलं.

"मुलं फाटकाशी येऊन उभी राहिली होती," ते अखेर म्हणाले आणि बाकावर बसले. "म्हटलं, उघडू तलाव, पाटी उद्या लावू. ती आत खोलीतच होती. नंतर मी घाबरलो रे. आधीपासूनच होती, असं सांगून बसलो."

धाकट्याने शर्टाची नीट घडी घातली. कळेल तेव्हा बरं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

पुढे मॅनेजरांनी तलावाच्या समितीपुढे सगळं कबूल केलं आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आलं. समितीचे अध्यक्ष घरी येऊन आईबाबांची माफी मागून गेले. जाताना मुलांना म्हणाले, "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत." बाईंनी टाचणीच्या पाठीवर हात ठेवला. "इतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस लिहिणाऱ्याला क्वचित मिळतं," त्या म्हणाल्या. टाचणीचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी बाबा धाकट्याजवळ येऊन बसले. "दाखव, काय लिहिलंयस."

त्यांनी वाचलं. सूचनेचं वाक्य आता खोडलेलं होतं. मोठ्यांचं ऐकावं, हेही.

"यात मी कुठेच नाही," बाबा म्हणाले.

"तुम्ही त्याच्याबद्दल बोलतच नव्हता, बाबा."

आई दाराशी येऊन उभी राहिली.

"तो पहिलीत होता," बाबा म्हणाले. "मी घरीच त्याचे केस कापले. भलतेच वेडेवाकडे झाले. वर्गात सगळे हसले. त्याच्या बाईंनी विचारलं, कुणी कापले? तर म्हणाला, मीच कापले. माझं नाव घेतलं नाही त्याने. आणि मी वर्षभर त्यालाच बोल लावत राहिलो."

धाकट्याने पेन्सिल उचलली. "हे लिहू?"

बाबांनी हाताच्या पाठीने डोळे पुसले. "लिही. आणि केस बाबांनी कापले होते, असं स्पष्ट लिही."